व्हिंटेज कॉम्प्युटर कशाला म्हणायचं? नव्या संग्राहकासाठी पायरीपायरीने

जुने कॉम्प्युटर जमवायला लागलेला प्रत्येक जण आधी वयाचं विचारतो. किती वर्षं झाली की मशीन व्हिंटेज? कुणी वीस सांगतं, कुणी पंचवीस, कुणी तीस. माझं मत असं की नुसत्या वर्षांवर हा हिशोब लागत नाही. वीस वर्षांपूर्वीचा ऑफिसचा पीसी आजही पेनड्राइव्ह ओळखतो, त्याला आजचा कीबोर्ड चालतो, त्यातली वर्डची फाइल आजच्या लॅपटॉपवर उघडते. तो जुना आहे, इतकंच. ज्या मशीनचं आजच्या मशीनशी बोलणंच बंद झालं आहे, ज्याची फ्लॉपी आणि फाइल आज कुठेही थेट चालत नाही, आणि ज्याच्यावर बसून लोक कॉम्प्युटर वेगळ्याच रीतीने वापरायचे, ते माझ्या लेखी व्हिंटेज. हा निकष धरला की काय घ्यायचं, काय सोडायचं आणि घेतलेलं कसं सांभाळायचं, हे बरंचसं आपोआप सुटतं.

पायरी १ : समोरचा कुठल्या अर्थाने बोलतोय ते ओळखा

ॲपल कंपनी हा शब्द दुरुस्ती सेवेसाठी वापरते. विक्री बंद होऊन पाच वर्षांहून जास्त, पण सात वर्षांहून कमी काळ झाला की ते उत्पादन त्यांच्या यादीत ‘व्हिंटेज’, आणि सात वर्षं उलटली की ‘ऑब्सोलीट’. म्हणजे परवापरवापर्यंत दुकानात मिळणारा आयफोनही या यादीत असतो. संग्राहकाच्या कामाची ही व्याख्या नाही. जाहिरातीत ‘ॲपल व्हिंटेज’ वाचून हुरळून जाऊ नका.

विकणारे तर धूळ बसलेल्या कशालाही व्हिंटेज म्हणतात. मुरलेले संग्राहक मात्र साधारण दोन शब्द वेगळे ठेवतात. विंडोज ९८ किंवा एक्सपीवर जुने गेम खेळायला लावलेला पेन्टियम थ्री हा ‘रेट्रो’. त्याआधीची, डॉसची (विंडोजच्या आधीची, आज्ञा टाइप करून चालणारी प्रणाली) आणि घरगुती आठ-बिटी कॉम्प्युटरची दुनिया ‘व्हिंटेज’. बरेच जण रेघ १९९५ ला ओढतात, कारण त्या वर्षीच्या २४ ऑगस्टला विंडोज ९५ आलं आणि माउस-खिडक्यांची आजची पद्धत घरोघरी रुळायला लागली. मला ही रेघ पटते, पण ती दगडावरची नाही.

पायरी २ : काळाचा नकाशा डोक्यात बसवा

फार खोलात न जाता काही खुणा पाठ करा. १९७५ च्या जानेवारीत ‘पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स’ मासिकाच्या मुखपृष्ठावर अल्टेअर ८८०० झळकला. तो सुट्या भागांचा संच म्हणूनही मिळायचा, आणि मूळ मेमरी होती २५६ बाइट. १९७७ मध्ये ॲपल टू, कमोडोर पेट आणि टीआरएस-८० ही तीन मशीनं आली आणि डबा उघडून लगेच वापरता येणारा कॉम्प्युटर ही कल्पना रुजली. १२ ऑगस्ट १९८१ ला आयबीएम पीसी आला, मॉडेल ५१५०, आत इंटेलचा ८०८८ प्रोसेसर, वेग ४.७७ मेगाहर्ट्झ. १९८२ ला ब्रिटनमध्ये झेडएक्स स्पेक्ट्रम आणि अमेरिकेत कमोडोर ६४. १९८४ च्या जानेवारीत पहिला मॅकिन्टॉश. १९७५ च्या आधीची बरीचशी मशीनं खोलीभर असायची. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली सुरू झालेला टिफ्रॅक त्यातलाच. त्या काळातलं घरी आणण्याजोगं काही सापडलंच, तर पंचकार्ड किंवा एखादा सुटा बोर्ड.

आता हा नकाशा आपल्याकडे आणला की तो हलतो. परदेशी याद्या वाचून संग्रह करणाऱ्याची इथेच गल्लत होते. आयातीवर कडक बंधनं होती, आणि नोव्हेंबर १९८४ च्या संगणक धोरणानंतर ती सैल झाली. त्यामुळे कमोडोर ६४ जगात एक कोटीहून जास्त खपला तरी आपल्याकडच्या घरांत तो अपवादानेच सापडतो. आपल्या शाळांमध्ये बीबीसी मायक्रो आला, १९८४ मध्ये सुरू झालेल्या ‘क्लास’ या सरकारी योजनेतून. सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्स लिमिटेड या सरकारी कंपनीने त्याची इथे जुळणी केली आणि नाव ठेवलं ‘युनिकॉर्न’. स्पेक्ट्रम प्लस परवाना घेऊन बनवला तो पुण्याच्या डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने, ‘डीबी स्पेक्ट्रम’ या नावाने. पुढे एचसीएलचा बिझीबी, विप्रो, डीसीएम, मुंबईची झेनिथ, आणि त्यांच्या जोडीला कुठलाच बिल्ला नसलेले असंख्य असेंबल्ड पीसी.

डीबी स्पेक्ट्रम किंवा युनिकॉर्न हाती लागला तर सोडू नका. मूळ ब्रिटिश मशीन पैसे मोजून कधीही मिळेल, हे मिळणार नाही.

आणि एक गोष्ट मी सगळ्यांच्या वर ठेवेन : जिस्ट कार्ड. याचं मूळ काम आयआयटी कानपूरमधलं, पुढे ते पुण्याच्या सीडॅक या सरकारी संगणक संस्थेत आलं. पीसीच्या आयएसए स्लॉटमध्ये (जादा कार्ड बसवायची बोर्डावरची खाच) हे कार्ड बसवलं की डॉसमधल्या वर्डस्टार, डीबेस, लोटस अशा इंग्रजीसाठी बनलेल्या प्रोग्रॅमांमध्ये मराठी, हिंदी, तमिळ टाइप होऊन पडद्यावर दिसायचं. युनिकोड, म्हणजे सगळ्या भाषांच्या अक्षरांचा आजचा सामायिक सांकेतिक क्रम, घरोघरी पोचायच्या कितीतरी आधी. जिस्ट कार्ड असलेला एखादा ३८६ (इंटेलच्या ८०३८६ प्रोसेसरचा पीसी) परदेशी किंमत-यादीत कुठेच दिसणार नाही, पण मराठी माणसाच्या संग्रहात त्याच्याइतकं मोलाचं दुसरं काही असेल असं मला वाटत नाही. त्याच पंगतीतला नव्वदच्या दशकातला डीटीपी ऑपरेटरचा पीसी : श्रीलिपीसारखं मराठी फॉन्टचं सॉफ्टवेअर, सोबत लावायचं हार्डवेअर लॉक (ते जोडल्याशिवाय सॉफ्टवेअर चालत नाही), आणि लग्नपत्रिकांपासून दिवाळी अंकांपर्यंतच्या फायली. त्या फायलींमधला मजकूर त्या-त्या कंपनीच्या फॉन्टच्या सांकेतिक क्रमात साठवलेला असतो. आजच्या मशीनवर उघडला तर नुसती इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची भेळ दिसते. माझ्या निकषात हे मशीन चपखल बसतं, मग त्याचं वय काहीही असो.

पायरी ३ : मशीनचं खरं वय काढा

पाठीमागच्या लेबलवर वर्ष असेल तर उत्तम. नसेल तर कॅबिनेट उघडा, अर्थात वायर भिंतीपासून काढून. चिपांवर दोन-तीन ओळी छापलेल्या असतात. त्यांतला एक चार अंकी आकडा बहुतेक वेळा तारखेचा असतो : पहिले दोन अंक वर्षाचे, पुढचे दोन आठवड्याचे. ८६३४ असेल तर १९८६ चा चौतिसावा आठवडा, म्हणजे ऑगस्टचा उत्तरार्ध.

इथे नवा माणूस फसतो, कारण चिपांचे मॉडेल क्रमांकही चार अंकी असतात. ७४०४ म्हणजे १९७४ नव्हे, ती ७४०० मालिकेतली अगदी साधी लॉजिक चिप आहे. ८२५५ ही तारीख असूच शकत नाही, कारण वर्षाला पंचावन्न आठवडे नसतात. ती इंटेलची इनपुट-आउटपुट चिप. खरी गोची ८२३७ ची. तो १९८२ चा सदतिसावा आठवडाही असू शकतो आणि इंटेलची डीएमए चिपही. अशा वेळी आकड्याला चिकटलेली अक्षरं बघा. आकड्याच्या आधी ‘पी’ किंवा ‘डी’ आणि नंतर ‘ए’ असेल तर तो मॉडेल क्रमांक, आणि तारीख बहुधा खालच्या ओळीत सुटी असते.

एका चिपवर विसंबू नका. आठ-दहा चिपांच्या तारखा वहीत लिहून काढा. मध्ये कुठली चिप बदललेली नसेल, तर त्यांतल्या सगळ्यांत अलीकडच्या तारखेच्या आधी हे मशीन तयार झालेलं नाही, एवढं पक्कं. बाकी सगळ्या १९८८ च्या आणि एकच १९९३ ची निघाली, तर कुणीतरी मध्ये दुरुस्ती केली आहे. हा दोष मानू नका, तो त्या मशीनचा इतिहास आहे.

स्लॉट आणि पोर्टही वय सांगतात. फक्त लांबट काळे आयएसए स्लॉट असतील तर बोर्ड साधारण नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीचा किंवा त्याआधीचा. पांढरे पीसीआय स्लॉट दिसले की साधारण १९९३ चा किंवा त्यानंतरचा. कीबोर्डचं भोक मोठं, गोल, पाच पिनांचं असेल तर एटी (आयबीएमच्या पीसी/एटीच्या धर्तीचं) किंवा त्याहून जुन्या पद्धतीचं मशीन. यूएसबी बोर्डावरच असेल तर तुम्ही १९९५ च्या रेघेच्या अलीकडे आलात.

आपल्याकडच्या असेंबल्ड पीसीसाठी आणखी दोन पुरावे आहेत, जे परदेशी मार्गदर्शकात मिळणार नाहीत. एक, दुकानदाराचं वॉरंटी स्टिकर : महिने आणि वर्षं छापलेला बारीक कागद, त्यावर पेनाने केलेली खूण. दोन, शाळा-कचेऱ्यांमधून आलेल्या मशीनवर ऑइल पेंटने लिहिलेला डेडस्टॉक नंबर, म्हणजे तिथल्या सामानाच्या नोंदवहीतला क्रमांक. हे नंबर थिनरने पुसून मशीन ‘नव्यासारखं’ करणारे बघितले की जीव तुटतो. स्टिकर, नंबर, की-बटणांवर चिकटवलेली मराठी अक्षरं, सगळं जसंच्या तसं राहू द्या. फोटो काढा, मगच पुढे हात लावा.

पायरी ४ : आपली हद्द ठरवा

सगळंच जमवायला गेलात तर सहा महिन्यांत घरात पाय ठेवायला जागा उरणार नाही. एक ओळ लिहून काढा : ‘मी फक्त भारतात बनलेले किंवा जुळणी झालेले घरगुती कॉम्प्युटर घेणार’, किंवा ‘फक्त मराठी टंकलेखनाशी संबंधित’, किंवा ‘फक्त ज्या मशीनवर मी स्वतः शिकलो ते’. छोटी हद्द असलेला संग्रह लवकर जाणता होतो.

पैसे घालण्याआधी ते मशीन इम्युलेटरवर, म्हणजे आजच्या कॉम्प्युटरवर जुन्याची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमवर, महिनाभर वापरा. डॉससाठी डॉसबॉक्स, जुन्या पीसीसाठी ८६बॉक्स, कमोडोरसाठी व्हाइस, हे सगळे मोफत आहेत. ज्या मशीनशी पडद्यावर गट्टी जमली नाही, त्याची पेटी घरात आणूनही जमणार नाही.

किंमतीबद्दल एवढंच : वयावर भाव ठरत नाही. ॲपल वन १९७६ चा, साधारण दोनशेच बनले. त्यांतला एक २०१४ मध्ये लिलावात ९,०५,००० डॉलरला गेला. त्याच्या पुढच्याच वर्षी आलेला ॲपल टू लाखोंनी बनला, म्हणून तो आजही सामान्य माणसाच्या आवाक्यात आहे. दुर्मिळपणा, पूर्णत्व आणि मागची हकीकत यांचे पैसे असतात. मूळ कीबोर्ड, मॉनिटर, मॅन्युअल आणि बिल सोबत असेल तर चार पैसे जास्त द्यायला हरकत नाही. नुसता डबा असेल तर घासाघीस करा.

पायरी ५ : शोधायचं कुठे

पुण्यात रविवार आणि बुधवारचा जुना बाजार, मुंबईत चोर बाजार (दुकानं शुक्रवारी बंद), सुट्या भागांसाठी लॅमिंग्टन रोड. पण खरा खजिना भंगारवाल्यांकडे आणि ओळखीच्या घरांच्या माळ्यांवर असतो. परिसरातल्या भंगारवाल्याला नंबर देऊन ठेवा आणि फोडण्याआधी फोन करायला सांगा. सिरॅमिक आवरणाचे जुने प्रोसेसर, विशेषतः पेन्टियम प्रो, त्यातल्या सोन्यासाठी फोडले जातात. किलोच्या भावापेक्षा थोडं जास्त दिलंत तर तो तुमच्यासाठी बाजूला ठेवेल.

शाळा, कॉलेज, कचेरीतून घ्यायचं असेल तर शिपायाच्या शब्दावर उचलून आणू नका. डेडस्टॉक रजिस्टरला नोंद असलेली वस्तू निर्लेखन झाल्याशिवाय (रजिस्टरमधून रीतसर कमी केल्याशिवाय) बाहेर काढता येत नाही, आणि त्यानंतरही ई-कचऱ्याच्या नियमांप्रमाणे ती अधिकृत पुनर्वापर करणाऱ्याकडे जायची असते. मुख्याध्यापकांना किंवा प्राचार्यांना रीतसर अर्ज द्या, लेखी परवानगी घ्या. काही ठिकाणी ते मशीन शाळेतच काचेच्या कपाटात ठेवायला तयार होतात. तेही चांगलंच झालं म्हणायचं.

अमेरिकेतल्या नातेवाइकाकडून मशीन आणवत असाल तर दोन गोष्टी आधी बघा. जुन्या कॉम्प्युटरच्या आयातीवर निर्बंध आहेत, तेव्हा कस्टमचे नियम तपासून घ्या. आणि तिथलं मशीन ११० व्होल्टवर चालतं. आपल्या २३० ला थेट लावलं तर संपलं. मशीनला २३० चा स्विच नसेल तर स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लागेल. शिवाय घरगुती कॉम्प्युटर असेल तर त्याचं चित्र एनटीएससी पद्धतीचं असतं. आपले जुने टीव्ही पाल पद्धतीचे, त्यावर ते नीट दिसेलच असं नाही.

पायरी ६ : घरी आणल्यावर प्लग लावू नका

ही पायरी सगळ्यांत महत्त्वाची आहे. ‘चालू होतंय का बघू’ या एका उत्सुकतेने जितकी मशीनं मेली, तितकी धुळीने मेली नसतील.

आधी उघडा आणि बॅटरी शोधा. २८६, ३८६, ४८६ च्या मदरबोर्डवर बहुतेकदा कीबोर्डच्या जोडणीजवळ निळी किंवा हिरवी, पिंपाच्या आकाराची ३.६ व्होल्टची निकेल-कॅडमियम बॅटरी सोल्डर केलेली असते. ती गळते. तिच्यातला अल्कली बोर्डाचे तांब्याचे माग खात जातो आणि आजूबाजूला हिरवट-पांढरी बुरशीसारखी वाढ दिसते. बॅटरी सरळ कापून काढा. डाग अल्कलीचा आहे, म्हणून पांढरं व्हिनेगर कापसाच्या काडीने लावा, मग स्वच्छ पाण्याने आणि शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. सोडा लावू नका, तो आम्लावरचा उपाय आहे. जुन्या मॅकमधली अर्ध्या पेन्सिल सेलएवढी लिथियम बॅटरी तर फुटून सगळा बोर्ड खाते. ती काढणं पहिलं काम.

बॅटरी गेली की बायोसमधली (मशीन सुरू होताना सगळ्यांत आधी चालणारा आतला प्रोग्रॅम) हार्ड डिस्कची नोंद पुसली जाते. तेव्हा डिस्कच्या लेबलवरचे सिलिंडर, हेड आणि सेक्टरचे आकडे लिहून ठेवा, पुढे तेच भरावे लागतात.

मग एसएमपीएस, म्हणजे मशीनला वीज पुरवणारा आतला डबा. पाठीमागे लाल सरकता स्विच असेल तर तो २३० वर आहे ना, बघा. ११५ वर राहिला तर धडाका ठरलेला. बीबीसी मायक्रोच्या आणि इतर काही जुन्या सप्लायमध्ये रिफा कंपनीचे पारदर्शक पिवळट कपॅसिटर असतात. त्यांच्या कवचाला बारीक भेगा गेलेल्या दिसल्या तर ते बदलूनच घ्या, नाहीतर दमट हवेत काही मिनिटांतच खोलीभर धूर होतो. एसएमपीएस मदरबोर्डापासून सुटा करून तपासायचा. रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणाऱ्यांचा सिरीज बोर्ड असतो, शंभर वॉटच्या पिवळ्या बल्बचा. त्यातून वीज द्या. बल्ब क्षणभर पेटून मंद झाला तर ठीक, लख्ख पेटलेलाच राहिला तर आत शॉर्ट आहे. काही जुने सप्लाय भाराशिवाय चालूच होत नाहीत, त्यांना एखादी निकामी हार्ड डिस्क जोडावी लागते. मल्टीमीटरवर लाल तार ४.७५ ते ५.२५ व्होल्टच्या मध्ये असली पाहिजे.

एटी मशीनमध्ये मदरबोर्डला वीज देणारे दोन सारखेच दिसणारे कनेक्टर शेजारीशेजारी बसतात आणि ते उलटेही बसू शकतात. उलटे बसले की बोर्ड गेला. लक्षात ठेवायची खूण सोपी आहे : दोन्ही कनेक्टरच्या काळ्या तारा मध्यभागी एकमेकींना लागून आल्या पाहिजेत.

कमोडोर ६४ मिळाला तर त्याचा मूळ ॲडॉप्टर वापरूच नका. तो बिघडला की पाच व्होल्टच्या जागी जास्त व्होल्टेज सोडतो आणि आतल्या मेमरीच्या चिपा जाळतो. नवा, विश्वासाचा सप्लाय घ्या.

पिक्चर ट्यूबचा मॉनिटर उघडू नका, हे निक्षून सांगतो. प्लग काढल्यावरही ट्यूबमध्ये हजारो व्होल्टचा भार राहतो. टीव्ही मेकॅनिककडे द्या, त्याला तो भार उतरवायची रीत माहीत असते.

पायरी ७ : आतला मजकूर वाचवा

मशीन सुरू झालं तरी विंडोज नव्याने टाकायची घाई करू नका, फॉरमॅट तर मुळीच नको. आधी हार्ड डिस्कची आणि फ्लॉप्यांची पूर्ण प्रत घ्या. फ्लॉपीसाठी ग्रीझवीझल नावाचा छोटा यूएसबी बोर्ड मिळतो. तो चुंबकीय नोंद जशी आहे तशी उतरवतो, त्यामुळे अनोळखी पद्धतीने भरलेली फ्लॉपीही हाताळता येते. फ्लॉपीच्या खिडकीतून चकतीवर पांढरे ठिपके दिसले तर ती बुरशी आहे; तशीच ड्राइव्हमध्ये घातली तर हेडही खराब होतं आणि पुढची प्रत्येक फ्लॉपी त्या हेडवर घासली जाते.

मराठी डीटीपीच्या मशीनवर फॉन्ट, सॉफ्टवेअरचा फोल्डर आणि हार्डवेअर लॉक हे तिन्ही एकत्र जपा. एक जरी हरवलं तरी बाकी दोघांचा पुरता उपयोग होत नाही. डिस्कमध्ये कुणाचे पगारपत्रक, पत्रं, घरगुती हिशोब निघाले तर ते कुणाला दाखवायचे नाहीत. मूळ मालक सापडत असेल तर त्याला विचारा, आणि विचारताना त्या मशीनवर काय काम व्हायचं तेही ऐकून घ्या, लिहून ठेवा.

पायरी ८ : पावसाळ्याआधी जागा करा

कोकण आणि मुंबईच्या हवेत हे काम मे महिन्यात उरकायचं असतं. फ्लॉप्या आणि मॅन्युअल हवाबंद डब्यात, सोबत सिलिका जेल, आणि ते दर पावसाळ्याआधी ओव्हनमध्ये किंवा तव्यावर सुकवून घ्यायचं. मशीन प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवू नका, आत दमटपणा कोंडतो. सुती चादर टाका, जमिनीपासून वर ठेवा. कॅबिनेटच्या मागच्या रिकाम्या स्लॉटच्या फटी बंद करा. झुरळं आणि पाली तिथूनच आत शिरतात, आणि त्यांची घाण बोर्डाचे तांब्याचे माग खाते. खिडकीतलं थेट ऊन नको, त्याने प्लास्टिक पिवळं पडतं.

प्रत्येक मशीनसोबत एक कागद ठेवा : कुठून आलं, केव्हा, चिपांच्या तारखा, काय बदललं, बॅटरी काढली की नाही, शेवटचं कधी चालू केलं. हा कागद कॅबिनेटच्या आत चिकटवू नका, उष्णतेने डिंक सुटतो. प्लास्टिकच्या पाकिटात घालून हँडलला किंवा पाठीमागच्या स्क्रूला दोऱ्याने बांधा आणि त्याचा एक फोटो फोनमध्ये ठेवा.